म्हातारपणी दोघं मिळून सेवेला जाताना

मागच्या दोन-तीन महिन्यांत गटाच्या बैठकींत आमच्यापुढं एकच प्रश्न फिरून फिरून आला. पोरं-सुना आपल्या संसाराला लागल्या, वावर मुलानं हाती घेतलं, घरात आता आपल्यावाचून अडत नाही. मग आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी महिना-दोन महिने एखाद्या देवस्थानात, धर्मशाळेत सेवेला गेलो तर चालते का? गटाच्या बचतीचं काय? तिथं राहणं कसं असते? आणि ज्या गोष्टीनं बाया खऱ्या अडतात ती अशी, की लोक म्हणतील, "पोरानं काढून देलं वाटते यायले!" आजचं बोलणं याच प्रश्नावर.

आपण वलगावच्या आहोत, म्हणून सुरुवात आपल्या दारापासूनच करू. पेढी नदीच्या पुलावरून आपण रोज अमरावतीला जातो. २० डिसेंबर १९५६ ला आजारी गाडगेबाबांना याच रस्त्यानं अमरावतीकडे नेत होते आणि इथंच, वलगावजवळ, त्यांनी प्राण सोडला. समाधी अमरावतीत आहे, तिच्याभोवतीच्या वस्तीला आपण गाडगेनगर म्हणतो. वलगावला मात्र लोक निर्वाणभूमी म्हणून येतात. कोणी पुतळ्याला हार घालून लगेच निघते, कोणी अर्धा दिवस बसते. शाळेच्या सहलीही येतात. आता यात एक गंमत आहे. माझं स्मारक करू नका, मूर्ती बसवू नका, असं बाबांनीच सांगून ठेवलं होतं. लोकांनी ते ऐकलं नाही. आम्हाला वाटते, जागा केलीच आहे तर तिथं रोज झाडू लागला पाहिजे आणि आलेल्या माणसाला घोटभर पाणी मिळालं पाहिजे. तेवढं झालं तरच बाबा ती जागा चालवून घेतील.

असं झाडणारं, पाणी देणारं, आलेल्याला माहिती सांगणारं माणूस लागते. पगारी माणसं सगळीकडे पुरत नाहीत. म्हणून आपल्या भागातल्या बऱ्याच ठिकाणी साठी ओलांडलेली माणसं, कधी एकटी, कधी जोडीनं, सेवेला राहतात.

शेगावचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. गजानन महाराज १८७८ साली शेगावात प्रकट झाले आणि १९१० साली त्यांनी समाधी घेतली. संस्थानचा कारभार त्याच्या आधीपासून, १९०८ पासून चालू आहे. तिथं सेवेकरी गावोगावहून पाळीनं येतात. ठरलेले दिवस राहतात, नेमून दिलेलं काम करतात आणि परत जातात. त्याची मजुरी मिळत नाही. चांगले शिकले-सवरलेले, गावात ज्यांच्या शब्दाला वजन आहे असे लोक तिथं दुसऱ्यांचे जोडे सांभाळतात, उष्टी ताटं उचलतात. संस्थानचे शिवशंकरभाऊ पाटील २०२१ मध्ये गेले. ते कितीतरी वर्षं तिथला कारभार पाहत होते, पण संस्थानचं पाणीसुद्धा आपलं म्हणून पीत नव्हते, असं लोक आजही सांगतात. त्यामुळं शेगावला सेवा म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

दुसरं ठिकाण मोझरीचं. अमरावती-नागपूर रस्त्यावर तुकडोजी महाराजांनी १९३५ साली गुरुकुंज आश्रम उभा केला. महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले. दरवर्षी पुण्यतिथीच्या महोत्सवाला लाखो माणसं जमतात आणि दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी सगळी जागच्या जागी मौन उभी राहतात. एवढ्या माणसांचं जेवण, पाणी, सफाई गुरुदेव सेवा मंडळाचे लोक हातावर घेतात. त्यात आपल्या गावांतली म्हातारी जोडपी पुष्कळ असतात. सकाळचं सामुदायिक ध्यान आणि सायंकाळची सामुदायिक प्रार्थना ही तिथल्या दिवसाची दोन टोकं. मधला सगळा वेळ कामाचा.

तिसरं रिद्धपूर, मोर्शी तालुक्यात, महानुभावांचं. तिथली रीत वेगळी आहे, संन्यास घेतलेल्या तपस्विनी तिथं राहतात, त्यामुळं त्यात आज शिरत नाही. फक्त एवढं सांगतो, की मराठीतली पहिली कवयित्री म्हणून जिचं नाव घेतात ती महदंबा याच पंथाची. कधी गेलात तर नुसतं डोकं टेकवून येऊ नका, तिच्याबद्दल विचारा.

आता दिवस कसा जातो ते सांगतो. आमच्या एका गटातल्या मावशी आणि त्यांचे मालक बाबांच्या नावानं चालणाऱ्या एका धर्मशाळेत दोन हिवाळे राहून आले. काकाजी अडुसष्ट वर्षांचे, मावशी त्रेसष्टच्या. त्यांच्याकडून आम्ही घडीन्घडी विचारून घेतलं, कारण "सेवा केली" एवढ्या दोन शब्दांत काहीच कळत नाही.

पहाटे साडेचारला उठायचं. थंडी असली तरी. पहिलं काम खराट्याचं. आंगण, वट्टा, बाहेरचा रस्ता. हे काकाजींकडं होतं. घरी त्यांनी हयातीत कधी खराटा धरला नव्हता. पहिले दोन दिवस लाजले, तिसऱ्या दिवशी सकाळी मावशीच्या आधी उठून आंगणात. मावशी म्हणतात, "घरी सांगतलं असतं त घर डोक्यावर घेतलं असतं. तिथी बाबाचं नाव होतं, म्हनून मुकाट्यानं झाडे." आम्ही हसलो, पण यात हसण्यापलीकडचं काही आहे. गाडगेबाबा गावात आले की आधी झाडायला लागायचे. गाव साफ झालं की संध्याकाळी कीर्तन. म्हणजे झाडणं हे बाईचं काम नाही, हे आपल्या वऱ्हाडातल्या पुरुषांना सांगणारा शंभर वर्षांपूर्वीच होऊन गेला. आपण त्यांच्या नावानं अभियान घेतो, विद्यापीठाला त्यांचं नाव देतो, आणि घरचा खराटा मात्र बाईच्याच हातात.

सात वाजेपर्यंत चहा, आंघोळी, प्रार्थना. मग येणाऱ्यांची नोंद. वहीत नाव, गाव, किती जण, किती दिवस, कशासाठी. दवाखान्याच्या कामानं आलेले असतील तर पेशंट कोण, सोबत कोण. बाबांच्या धर्मशाळा यासाठीच होत्या. पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा यात्रेच्या गावी त्यांनी धर्मशाळा बांधल्या, पण त्यातली एक खोली स्वतःसाठी राखली नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली. मुंबईत दादरला त्यांच्या नावाची जी धर्मशाळा आहे, तिथं कॅन्सरचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक राहतात. आपल्या भागातून टाटा हॉस्पिटलला गेलेल्या कितीतरी घरांना ती माहीत असेल.

मावशींना नोंदीचं काम दिलं. सातवी शिकलेल्या, पण आठ वर्षं गटाची वही लिहिलेली! अक्षर सुटसुटीत, बेरीज पक्की. तिथल्या व्यवस्थापकांनी दोन दिवसांत वही त्यांच्याकडं दिली आणि काकाजींना भाजी चिरायला बसवलं. बायांनो, हे लक्षात ठेवा. सेवेला गेलं की बाईला आपोआप चुलीपाशी ढकलतात आणि माणसाला टेबलापाशी बसवतात. पहिल्याच दिवशी सांगा, मी हिशोब लिहितो, मी पावती फाडतो, मी माहिती सांगतो. जन्मभर चूल केली, सेवेत पुन्हा चूलच करायची असेल तर घर काय वाईट?

दहा ते बारा जेवणाची धावपळ. दुपारी दोन तास पडायला मिळते, पण तेव्हाच नेमकी शाळेची सहल येते. साठ पोरं, दोन मास्तर. त्यांना सांगायला कोणीतरी लागते. मावशी सुरुवातीला घाबरल्या, मग त्यांनी आपली पद्धत बसवली. बाबांचं नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. २३ फेब्रुवारी १८७६ ला अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावला परिटाच्या घरी जन्म. वडील गेल्यावर माय सखूबाईनं लेकराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातलं दापुरे गाठलं, ते मामाचं गाव. तिथं ढोरं राखली, वावर कसलं. १९०५ मध्ये घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात गाडगं, त्यातच भाकर खायची, तेच डोक्यावर घालायचं, म्हणून नाव गाडगेबाबा. एवढं सांगून मावशी पोरांना विचारत, देवाला बोकड कापावं का? तेरवीसाठी कर्ज काढावं का? कीर्तनात बाबा असेच लोकांना प्रश्न विचारायचे, आपल्याच वऱ्हाडी बोलीत, आणि उत्तर लोकांकडूनच काढायचे.

एक सावधगिरी यात पाळावी लागते. अशा जागी माहिती सांगणाऱ्याला चमत्काराच्या गोष्टी सांगायचा मोह होतो, कारण ऐकणारा मान डोलावतो. बाबा चमत्काराच्या आणि नवसाच्या विरोधात बोलत आले. त्यांच्याच जागेवर उभं राहून आपण चमत्कार सांगायचा, हे बरं नाही. माहीत आहे तेवढं सांगावं.

सायंकाळी दिवाबत्ती, प्रार्थना, पुन्हा जेवणं, भांडी, आणि रात्री दहाला फाटक लावायचं. रात्री-बेरात्री पेशंट घेऊन कोणी आलं तर उठायचं. मावशींचे गुडघे दुसऱ्या आठवड्यात सुजले. त्यांनी तसं सांगितलं, तेव्हा उभ्याचं काम कमी करून दिलं. न सांगता सोसत बसल्या असत्या तर पंधरा दिवसांत परत आल्या असत्या. सेवेत दुखणं लपवलं की आपली सेवा दुसऱ्याला करावी लागते.

सहल सांगताना एकदा एका मुलीनं मावशींना विचारलं, "आजी, बाबा घर सोडून गेले तर त्यांची बायको काय करत होती?" मावशींनी आम्हाला हे सांगितलं तेव्हा बैठकीत सगळ्या गप्प झाल्या होत्या. बाबांचं लग्न १८९२ साली कुंताबाईंशी झालं. बाबा निघून गेले तेव्हा घरात म्हातारी सासू आणि लहान लेकरं. पुढं १९२३ मध्ये मुलगा गोविंद कुत्रा चावून गेला. ती बातमी बाबांना कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असताना कळली आणि त्यांनी कीर्तन थांबवलं नाही. ही गोष्ट आपण बाबांच्या मोठेपणासाठी सांगतो, आणि ते मोठेपण खरंच आहे. पण त्या लेकराची मायही होती, तिच्यासमोर कीर्तन नव्हतं, तिच्यासमोर लेकरू होतं. लोकांच्या पैशातून आपल्या घरच्यांना काही मिळू द्यायचं नाही, हा बाबांचा नियम कडक होता आणि त्या नियमाची झळ कुंताबाईंनी सोसली. शाळेच्या पुस्तकात त्यांचं नाव एका ओळीत येते. मावशींनी त्या मुलीला सांगितलं, "तिनं घर धरलं, म्हनून बाबाले जाता आलं." याहून चांगलं उत्तर आम्हाला तरी सुचलं नसतं.

म्हणूनच आम्हाला दोघांनी मिळून जाण्याचं महत्त्व वाटते. एकानं पुण्य करायचं आणि दुसरीनं मागं राहून निस्तरायचं, हे फार झालं. दोघं गेले, दोघांनी झाडलं, दोघं थकून एका चटईवर झोपले, यात वेगळी गोष्ट आहे. मावशी म्हणाल्या, चाळीस वर्षांच्या संसारात मालकाशी एवढं बोलणं कधी झालं नव्हतं.

आता लोकांच्या तोंडाचं पाहू. वलगावला बाबांच्या नावाचा वृद्धाश्रम आहे. तिथं राहायला जाणं आणि सेवेला जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्हींत लाज वाटण्यासारखं काही नाही. पण फरक ओळखता आला पाहिजे. सेवेला जाणाऱ्याचं घर मागं शाबूत असते, परतीची तारीख ठरलेली असते, खोलीची किल्ली स्वतःजवळ असते. यातली एकही गोष्ट नसेल आणि मुलगा गोड बोलून सेवेला धाडत असेल, तर बायांनो, थांबा. आमच्या पाहण्यात असं झालेलं आहे. निघायच्या आठ दिवस आधी म्हातारा-म्हातारीच्या पुढं कागद ठेवला, "बाबा, तुमी तिकडं राहसान, बँकेचं काम अडते, एवढी सही करून द्या." तो कागद वावराच्या बक्षीसपत्राचा होता. त्या म्हातारीनं गटातल्या पोरीला वाचायला दिला म्हणून वाचली.

सेवेला निघताना जमिनीच्या, घराच्या कोणत्याही कागदावर सही करू नये. पुढं कधी बक्षीसपत्र करायचंच असेल तर त्यात आमचा सांभाळ करायचा ही अट लिहून घ्यावी. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा कायदा आहे. अट लिहिलेली असली आणि ती मोडली, तर ते पत्र रद्द करून मागता येते. त्यासाठी उपविभागीय अधिकाऱ्यांच्या, म्हणजे एसडीओ साहेबांच्या कार्यालयात अर्ज करायचा. खावटीचाही अर्ज तिथंच होतो. कोणाला विचारायचं कळत नसेल तर ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ हा फोन आहे, पैसे लागत नाहीत.

पैशाच्या बाकी गोष्टी लवकर सांगतो. श्रावणबाळचे महिन्याचे दीड हजार रुपये ज्यांना मिळतात, त्यांनी हयातीचा दाखला जाण्याआधी तहसीलमध्ये देऊन ठेवावा. दाखला राहिला की पैसे थांबतात आणि पुन्हा चालू करायला चार चकरा होतात. सत्तर पूर्ण झालेल्यांना आयुष्मानचं वेगळं कार्ड मिळते, वर्षाला पाच लाखांपर्यंतचा उपचार, त्याला उत्पन्नाची अट नाही. ते काढून सोबत घ्यावं. एसटीत बाईला कोणत्याही वयात अर्धं तिकीट आहे, माणसाला पासष्टनंतर अर्धं, आणि पंचाहत्तरनंतर दोघांनाही राज्यात फुकट. आधार कार्ड जवळ पाहिजे. रेल्वेची म्हाताऱ्यांची सवलत मात्र २०२० मध्ये बंद झाली, त्यामुळं शेगावला गाडीनं गेलात तर पूर्ण तिकीट धरून चला.

गटाचं असं करता येते. जेवढे महिने बाहेर राहणार तेवढी बचत आधी भरावी, किंवा गटानं ठराव करून परत आल्यावर भरायची मुभा द्यावी. ठराव वहीत लिहिलेला पाहिजे, तोंडी नको. कर्जाचा हप्ता बाकी असेल तर तो कोण भरणार हे नावासकट लिहावं. बचत सुनेच्या नावावर फिरवू नये. सून चांगली असली तरीही नको, तुमचा पैसा तुमच्याच नावावर राहू द्या. गैरहजेरीचा दंड अशा वेळी लावू नये असं आमचं मत आहे, पण तो गटाचा अधिकार. आपल्या उमेदच्या गटांचीही दशसूत्री आणि बाबांनी सांगितलेल्या कामांनाही लोक दशसूत्रीच म्हणतात, हे काही सभासदांनी आम्हाला हसत हसत दाखवून दिलं. बाबांच्या यादीत भुकेल्याला अन्न आहे, पोरांचं शिक्षण आहे, बेकाराला काम आहे. आपल्या यादीत बैठक आणि बचत. दोन्ही जोडून घेतल्या तर काही वाईट होणार नाही.

कुठं जायचं हे अजून ठरलं नसेल तर एकदम दोन महिन्यांचं मनावर घेऊ नका. भातकुली तालुक्यात पूर्णेच्या काठी ऋणमोचन आहे. पौषातल्या रविवारी तिथं यात्रा भरते. बाबांनी तिथं घाट बांधला, आणि आंधळ्या-पांगळ्यांना जेवण, कपडे द्यायची जी रीत त्यांनी पाडली ती यात्रेत अजून चालते. वाढायला, पाणी द्यायला, ताटं उचलायला हात लागतातच. एक रविवार दोघांनी जाऊन पाहा. संध्याकाळी गुडघे काय म्हणतात आणि मालक काय म्हणतात ते ऐका, मग पुढचं ठरवा. आपल्या गटांतून जायला तयार असतील त्यांनी मार्गशीर्षातल्या बैठकीत नावं द्यावीत, म्हणजे एका गाडीत किती माणसं बसवायची ते आम्हाला कळेल. येताना हयातीच्या दाखल्याची झेरॉक्स आणि गटाचं पासबुक सोबत आणा.